पाणी मुरतंय

नोव्हेंबर सरत आला की भीमेच्या पुलावर माझी स्कूटी आपोआप हळू होते. पुलाच्या अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड. अलीकडे कंपन्यांच्या बसगाड्या, पलीकडे उसानं लादलेल्या ट्रॉल्या. पुलाच्या साधारण मध्यावर गुऱ्हाळांचा पहिला वास येतो, उकळत्या रसाचा, थोडा करपट, थोडा गोड. मी हेल्मेटची काच वर करते आणि छाती भरून घेते. मागून हॉर्न वाजतात. मागच्या वर्षी एका ट्रॅक्टरवाल्यानं शेजारून जाताना विचारलंच, "काय झालं ताई, पेट्रोल संपलं का?" मी मान हलवली आणि निघाले. थांबायचं खरं कारण सांगायला घेतलं असतं तर त्याचा ऊस वाळून गेला असता.

कारण हा गोड वास आला की त्याच्यामागून दुसरा एक वास मला हटकून आठवतो. सडलेल्या अंड्यांचा. तो आमच्या विहिरीचा होता, आणि तो एकाच हंगामापुरता आला. त्या हंगामाला आता सहा-सात वर्षं झाली. पण त्यानंतर मी पाण्याकडे, मातीकडे आणि हुसेनमामांकडे पहिल्यासारखं कधी पाहू शकले नाही.

मी राहते कारेगावात. रांजणगावच्या एका कंपनीत ईटीपीवर काम करते. ईटीपी म्हणजे कंपनीचं सांडपाणी साफ करायची जागा. लोकांना वाटतं तिथं मोठमोठी यंत्रं पाणी धूत असतील. यंत्रं फक्त हवा सोडतात आणि पाणी ढवळतात. घाण खायचं काम तपकिरी गाळातले जिवाणू करतात, डोळ्यांना न दिसणारे, कोट्यवधी. आमचा ऑपरेटर रामनरेश बिहारचा. तो त्यांना "ये लोग" म्हणतो. सकाळी मी गेले की टाकीवरून ओरडतो, "मॅडम, ये लोग आज सुस्त हैं." मग आम्ही त्यांना गूळ आणि शेण घालतो. गुळाची ढेप मी राहूच्या गुऱ्हाळावरून आणते. पहिल्यांदा गूळ आणि शेणाची बादली घेऊन गेटवर गेले तेव्हा सिक्युरिटीवाल्यानं हात जोडून विचारलं होतं, "मॅडम, अंदर पूजा है क्या?" मी म्हटलं, तसंच समजा.

राहू माझं माहेर. आमची विहीर राहूच्या शिवारात. आमची म्हणजे आमची आणि मुलाण्यांची. माझ्या आजोबांनी आणि हुसेनमामांच्या वडिलांनी ती मिळून खणली. सातबाऱ्यावर तिच्यापुढे 'सामाईक' एवढाच शब्द आहे, बाकीचे नियम दोन घरांच्या तोंडी. सोमवार, मंगळवार, बुधवार आमची पाळी. गुरुवार, शुक्रवार, शनिवार मुलाण्यांची. रविवारी मोटर कुणीच चालू करायची नाही, प्यायला लागेल तेवढं पोहऱ्यानं काढायचं. रविवार विहिरीचा. लहानपणी मला वाटायचं की तिलाही शाळेसारखी सुट्टी असते. जगातल्या सगळ्याच विहिरींना ती असते असंही वाटायचं, आणि वर्गात तसं बोलून मी हसं करून घेतलं होतं.

आता त्या हंगामाचं. आमच्या वरच्या अंगाला एक चोपण तुकडा आहे. क्षार वर आलेली, पांढुरकी, पाऊस पडला की साबणासारखी निसरडी होणारी जमीन. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिच्यापुढं हात टेकले होते. एक दिवस त्यांचा फोन आला, "सुवर्णे, मळीचं पाणी चोपणाला चालतं म्हणत्यात. खरं का?" दारूच्या भट्टीतून, म्हणजे डिस्टिलरीतून, जे गडद काळं पाणी उरतं ते हे. मी टाकीवर उभी होते, हवा सोडणारा ब्लोअर घोंघावत होता. मी म्हटलं, "चालतं आप्पा, पण..." आणि पुढं बरंच सांगितलं. की ते आधी प्रक्रिया केलेलं हवं, अगदी पातळ पसरायचं, नांगरून हवेवर ठेवायचं, विहिरीजवळ तर थेंब पडू द्यायचा नाही, आणि हे सगळं कृषी अधिकाऱ्यांना विचारून. आप्पांना 'चालतं' ऐकू गेलं. माझं 'पण' आणि त्याच्यापुढचं सगळं रांजणगावच्या ब्लोअरनं खाल्लं.

टँकर आले. पसरायला ट्रॅक्टर हवा, माणसं हवीत. ती सगळी ऊसतोडीत गुंतलेली. आप्पांनी टँकरवाल्याला चोपणाच्या कडेची जुनी मुरमाची खाण दाखवली. तिथं साठवू, सवडीनं पसरू. मुरूम म्हणजे अर्धवट झिजलेला खडक. घरांच्या जोत्यांत आपण तो घालतो कशाला? तर पाणी झटकन निघून जावं म्हणून. मुरूम आणि मुरणं हे शब्द भाऊबंद आहेत की नाहीत ते भाषेच्या जाणकारांनी ठरवावं, आमच्या शेतात तरी ते सख्खे निघाले. खाणीतलं काळं पाणी दिवसागणिक उतरत गेलं. आप्पांना वाटलं, ऊन लागतंय, आटतंय.

पंधरा-वीस दिवसांनी विहिरीचं पाणी चहासारखं झालं. मग त्याला वास यायला लागला. आई रोज सकाळी विहिरीवर पाय धुवायची, तिची चांदीची जोडवी काळीकुट्ट पडली. दोन्ही घरांनी ते पाणी पिणं त्याच दिवशी सोडलं. गावातल्या फिल्टरच्या पाण्याचे जार यायला लागले. हुसेनमामांच्या बायकोला, जैनबमामीला, त्या पाण्याचा चहा काही केल्या आवडेना. "नुसतं वल्लं लागतंय," ती म्हणायची, "चव कुठं हाय?"

त्या रविवारी मी गेले तेव्हा आप्पा आणि हुसेनमामा विहिरीच्या काठावर बसले होते. दोघं एकाच वर्षी शाळेत गेले आणि एकाच वर्षी शाळा सोडली. आप्पा त्यांना हुसेन म्हणतात, ते आप्पांना ज्ञाना. मामा मितभाषी. एक वाक्य बोलायच्या आधी बांधाला एक फेरी मारून येतील असा स्वभाव. ते पाण्याकडे बघत म्हणाले, "कुठंतरी पाणी मुरतंय, ज्ञाना."

आपल्याकडं हे वाक्य पाण्याबद्दल कुणी बोलत नाही. कुणीतरी काहीतरी लपवतंय, एवढाच त्याचा अर्थ. आप्पांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मी पाहिला. ते घाईनं म्हणाले, "कुठल्यातरी कंपनीनं नदीला सोडलं असंल." मामा म्हणाले, "असंल." मग थोड्या वेळानं, "काय करायचं मग? हे बुजवू आन् आपापला बोअर घिऊ. लेकरांनी काय प्यायचं?"

विहीर बुजली की पाळी संपली, रविवार संपला. आजोबांच्या काळापासून दोन्ही घरांचा भात एका पाण्यात शिजत आला होता. आता त्यांचा बोअर त्यांच्या दारात, आमचा आमच्या दारात. भांडण न होता माणसं लांब जातात ती अशीच.

मी वास ओळखला होता. ईटीपीवाल्या माणसाला तो वास आईच्या हाकेसारखा ओळखू येतो. मी वर चालत गेले. खाणीच्या तळाशी काळं डबकं उरलं होतं आणि त्यात सावकाश बुडबुडे येत होते. एक यायचा, फुटायचा, मग दुसरा. राग आला तो आधी आप्पांचा आणि मग स्वतःचा. 'पण' आधी सांगायचं आणि 'चालतं' नंतर, एवढी अक्कल मला का नसावी?

संध्याकाळी मी आप्पांना एवढंच म्हटलं, "मी खाण बघितली." ते गोठ्यात गेले आणि ज्या म्हशीची धार काढून झाली होती तिलाच पुन्हा बसले.

पाण्याचा नमुना मी कारेगावला नेला. खाली काय चाललंय ते कळत होतं. मातीत आणि खडकाच्या भेगांत जिवाणू आधीपासूनच असतात, एरवी अर्धपोटी. एवढी मळी आली तेव्हा त्यांची पंगत बसली. पहिल्या पंक्तीनं पाण्यातला सगळा ऑक्सिजन वापरून टाकला. दुसरीनं नायट्रेटवर भागवलं, पुढचीनं दगडातल्या लोखंडावर. मग गंधकवाले बसले. अंड्यांचा वास त्यांचा आणि आईची जोडवी काळी केली तीही त्यांनीच. अगदी शेवटी बसतात ते मिथेन करणारे, त्यांना यांतलं काहीच लागत नाही. खाणीतले बुडबुडे हे त्या शेवटच्या पंक्तीचे ढेकर. म्हणजे वास भयंकर होता, पण जेवण चालू होतं.

हे मी पुढच्या खेपेला जैनबमामीला सांगायला गेले. तिच्या परसात गोबरगॅस आहे, त्यावरच तिची भाकरी होते. मी म्हटलं, "मामी, तुमच्या टाकीत जे गॅस करतात ना, त्यांचेच भाऊबंद खाली कामाला लागलेत." ती तव्यावरची भाकरी उलटायची विसरली. "म्हंजी हिरीच्या पोटात गोबरगॅस झालाय व्हय गं?" मग पदर तोंडाला लावून इतकी हसली की मलाही हसू आवरेना. "आन् त्यो गॅस जातो कुठं?" तिनं विचारलं. मी सांगितलं की वर येताना हवेशीर मातीतून आला तर तिथं त्याला खाणारे दुसरे जिवाणू बसलेले असतात. मिथेन हेच त्यांचं अन्न. बराचसा गॅस तिथंच संपतो, आभाळापर्यंत फार थोडा पोचतो. मामी शेगडीकडे बघत म्हणाली, "करणारं येगळं आन् खानारं येगळं. आमच्या घरावानीच की."

इकडं आप्पांनी आपला उपाय शोधला होता. एका सकाळी मी विहिरीवर गेले तर ते काठावर उभे. हातात टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरीची, अख्खी गोणी आणि तिचं तोंड सुटलेलं. टीसीएल आपल्याकडं ग्रामपंचायतीचं तीर्थ. साथ आली, टाका टीसीएल. गढूळ पाणी आलं, टाका टीसीएल.

मी धावत जाऊन गोणी धरली. "आप्पा, हे नका टाकू."

"सोड. जंतू मरत्यात यानं."

"तेच तर सांगतेय. काम करणारेच मरतील. आणि एवढ्या घाण पाण्यात हे पडलं तर नवीनच काहीतरी विषारी होऊन बसेल. पाणी साफ झाल्यावर टाकू, मापात. आता नाही."

ते गोणी सोडेनात. मग एकदम ती सोडून खाली बसले. "मग काय करू मी? हुसेन त्या बोअरवाल्याला भेटून आला काल. ही हीर माझ्या हातानं मेली, सुवर्णे. त्याला कुठल्या तोंडानं सांगू?"

"आहे त्याच तोंडानं," मी म्हटलं. कठोर बोलले, मला माहीत आहे. पण मीही त्यांच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "त्यातलं अर्धं माझं आहे. फोनवर मीच आधी चालतं म्हणाले."

हुसेनमामा पाळीचा व्हॉल्व्ह फिरवायला आले तेव्हा आम्ही दोघं तसेच बसलेलो. आप्पा उभे राहिले, टोपी काढली, आणि सगळं सांगितलं. खाण, टँकर, आळस, सगळं. नदीला सोडल्याचं खोटं बोलल्याचंसुद्धा. मामांनी ऐकलं. नेहमीप्रमाणे बांधाच्या टोकापर्यंत जाऊन आले. मग म्हणाले, "बरं. आता काय करायचं ते पोरीला इचार. शिकलीय ती."

एवढंच. मी त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधत होते, तो सापडला नाही. बोअरवाला मात्र त्यानंतर शिवारात दिसला नाही.

मग आम्ही कामाला लागलो. खाणीतलं सगळं काळं चिखलवट उपसून चोपणावर लांबच लांब, पातळ पसरलं. त्यात उसाचं वाळलेलं पाचट मिसळलं आणि वरचेवर नांगरून हवा दिली. विहिरीचं पाणी पाळीपाळीनं उपसून दूरच्या पडीक तुकड्यावर सोडलं, तिथल्या मातीनं ते गाळत, खात खाली न्यावं म्हणून. मामा आणि आप्पा एकाच पाटीला दोन्हीकडून धरायचे. रविवारी मात्र मोटर बंद. मी म्हटलं, या वर्षी रविवारीही उपसू या. दोघांनी एकदम माझ्याकडं असं पाहिलं की मी तो विषय सोडला. आता वाटतं, तेच बरोबर होतं. झरे भरायला, खालच्या मंडळींना जेवायला एक निवांत दिवस लागतोच.

फेब्रुवारीत वास सौम्य झाला. मार्चमध्ये एके दिवशी नांगरलेल्या चोपणातून वेगळाच गंध आला, ओल्या, निरोगी मातीचा. ईटीपीत टाकी सुधारली की असाच येतो. मी तिथंच उकिडवी बसून मूठभर माती नाकाला लावली. लांबून कुणी पाहिलं असतं तर मुलगी कामातून गेली असंच म्हणालं असतं. मला रडू आलं. ज्यांना मी सूक्ष्मदर्शकातून रोज बघते, नोंदवहीत ज्यांची हजेरी लिहिते, त्यांचे हे गावाकडचे भाऊबंद. कुणी बोलावलं नाही, कुणी गूळ-शेण दिलं नाही, आणि तरी आमची चूक ते अंधारात बसून घासाघासानं निस्तरत होते. त्या दिवशी मी मातीला नमस्कार केला. तसा तो आधीही करत होते, पण सवयीनं. आता कुणाला करतेय ते ठाऊक होतं.

सगळंच त्यांनी केलं असं मात्र मी म्हणणार नाही. क्षार कुणी खात नाही. ते पुढच्या पावसाळ्यानं वाहून नेले, आणि पाण्याची थोडी मचूळ चव तर त्याच्याही पुढं राहिली. जिवाणू जे करतात ते करतात, त्यांच्या अंगावर सगळं ढकलून मोकळं होता येत नाही. हे मी आता कंपनीतही मिटिंगमध्ये बोलते, आणि मॅनेजरसाहेबांना ते फारसं आवडत नाही.

दिवाळी झाली. पुन्हा गुऱ्हाळं पेटली, पुन्हा भीमेच्या पुलावर गोड वास आला. विहिरीचं पाणी निवळशंख दिसत होतं, पण नुसत्या दिसण्यावर माझा विश्वास नव्हता. नमुना तपासायला दिला, मापात टीसीएल घातलं, दुसऱ्यांदा तपासलं. दोन्ही अहवाल चांगले आले तेव्हा मी कागद हातात घेऊनच राहूला गेले.

रविवार होता. दोन्ही घरं विहिरीवर जमली. आईनं पोहरा सोडला, जैनबमामीनं तो ओढला. तांब्या भरून पहिल्यांदा आप्पांपुढं धरला. त्यांनी घेतला नाही. "आधी हुसेन," ते म्हणाले. मामा तांब्या वर धरून घटाघटा पाणी प्यायले आणि त्यांनी मिशा पुसल्या. सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. आप्पांच्यानं राहवेना. "आता तरी बोल की. वरीसभर शिवी न्हाई दिलीस मला. एक तरी दे."

मामा तांब्याकडं बघत म्हणाले, "टँकर माझ्याच बांधावरनं गेलं, ज्ञाना. मी गोठ्यातनं बघत व्हतो. मलाबी वाटलं खतच हाय, बरं झालं. पाणी बिघडलं त्या दिशी ध्यानात आलं. बांधावर ह्ये एवढ्या चाऱ्या पडलेल्या चाकांच्या. फावडं घेतलं आन् बुजवून टाकल्या. गावानं बघितलं असतं तर तुला नावं ठिवली असती."

पोहऱ्यातून पाणी ठिबकत होतं. मला आठवलं, काठावर बसून पाण्याकडं बघत ते म्हणाले होते, कुठंतरी पाणी मुरतंय. आणि आप्पांनी नदीचं नाव घेतल्यावर म्हणाले होते, असंल.

आप्पांनी विचारलं, "तवाच का न्हाई बोललास?"

"तुझ्या तोंडनं यायला पायजे व्हतं त्ये," मामा म्हणाले. "तवर मुरू दिलं."

मग त्यांनी पोहरा पुन्हा आत सोडला, तांब्या काठोकाठ भरला आणि आप्पांच्या हातात दिला.